बँकेचे कागद

मिस्टर होल्डन यांस,

लोवरीसाठी मी केलेला मोफत वकिलीचा अर्ज तुम्ही परत पाठवलात, उत्पन्न दाखवणारे बँकेचे कागद नाहीत म्हणून. ज्या नवऱ्यापासून, डायपासून, ती पळाली, त्याच्या घरात ते आहेत. नवी प्रतही बँक त्याच पत्त्यावर पाठवते. हे कळवलं, तर तुम्ही लिहिलंत, नियम सर्वांना सारखा.

"काळजी सोड, नेरिस," लोवरी म्हणाली. "शनिवारी वेल्सची इंग्लंडशी मॅच आहे. डाय पबमध्ये असेल, तेवढ्यात मी घरातून कागद घेऊन येते. जिंकलो, तर त्याला बायकोच काय, घरही आठवणार नाही."

"आणि हरलो तर?"

"गप गं! वकील आहेस की इंग्लंडची पंच?"

मला हसू आलं. दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता.

आज मध्यांतरालाच वेल्स हरल्यात जमा होतं. मी बाहेरून पबवर नजर ठेवून होते; तो रिकामा होऊ लागला, तसा मी लोवरीला फोन लावला. डायने उचलला.

"घरी आलीय ती. आता तिला वकील नको."

मी पोलीस पाठवले. दारात येऊन तिनेच त्यांना सांगितलं, सगळं ठीक आहे.

हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाही. सोमवारी माझ्याकडच्या आणखी एका बाईचा अर्ज तुमच्याच टेबलावर येतोय, आणि तिचेही कागद नवऱ्याच्या घरीच राहिलेत.

आपली नम्र,
नेरिस प्रोबर्ट, वकील