पान्हा चोरणारी म्हैस

माय, तुझ्या नातीनं चहात दूध घेणं सोडलंय. सुट्टीला हॉस्टेलवरून नांदेडला घरी आली ती हाच निश्चय करून. पहिल्याच सकाळी तिनं माझ्या हातातलं दुधाचं पातेलं अडवलं आणि म्हणाली, आई, हे वासराचं असतं, आपण चोरतो. हातात आल्याचा तुकडा धरून मी आपल्याच स्वयंपाकघरात चोर ठरले. रागवावं की हसावं कळेना. शेवटी हसूच आलं, कारण दुधाच्या बाबतीत चोरीचा शब्द मी आधीही ऐकला होता, आपल्या लातूरच्या खोलीमागे, पत्र्याच्या त्या आडोशाखाली, आणि त्यावरून तू मामाशी केवढी भांडली होतीस.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. बाबा नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि आपण मुरुडजवळचं गाव सोडून एका खोलीत आलो. भांडी तू निम्मीच आणलीस, म्हैस मात्र आणलीस, तीही चालवत. जिल्ह्याबरोबर बदलून आलेली कारकुनांची घरं आसपास होती आणि सगळ्यांना दूध हवं असायचं. बाबा म्हणायचे, कचेरीत अजून टेबलं आली नाहीत, पण चहा आलाय. त्यातच पाऊस दगा देऊन गेला होता. कडबा मिळेना, पाणी टँकरचं. तू तांदूळ धुतलेलं पाणी साठवून दुपारी म्हशीच्या पाठीवर ओतायचीस आणि ती डोळे मिटून घ्यायची, जणू तळ्यातच बसलीय. मी अजून ते बघते आहे: तुझा ओला पदर, तिची काळी चकाकणारी पाठ, आणि खाली सांडलेल्या दोन थेंबांवर तुटून पडलेल्या चिमण्या.

चार सडांपैकी एक रेडकाचा, हा तुझ्या माहेरचा नियम. त्याला तू हात लावायची नाहीस. पण त्या उन्हाळ्यात मागणी वाढत गेली, म्हशीचं दूध कमी होत गेलं, आणि एके दिवशी तू चौथा सडही पिळलास. मी बाजूलाच उभी होते. उन्हाळा सरायच्या आत रेडकू गेलं. दुष्काळानं गेलं असं सगळे म्हणाले, आणि दुष्काळ होताच की.

त्यानंतर म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं. कास भरलेली, पण तू धार काढायला बसलीस की ती पाय आखडून घ्यायची. मामा मुरुडहून आला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, अक्का, ही पान्हा चोरायलीय. तू शेण भरत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "चोरती म्हनं. दूध तिचं, लेकरू तिचं. ती कशाची चोर? चोर असलो तर आपुन हाव."

मामाला असल्या बोलण्याचा कंटाळा. दूध नाही तर म्हैस बाजारात, एवढं सरळ गणित त्याच्यापाशी होतं, आणि भाकड म्हैस दुष्काळात बाजारातून कुठं जाते हे मलाही ठाऊक होतं. मी रात्रभर रडले. मामा तसा मायाळू. दोन दिवसांनी तो परत आला तो काखेत रेडकू घेऊनच. तेच रेडकू, त्याचं कातडं शोधून आणून आत पेंढा भरून शिवलेलं, पायांच्या जागी काठ्या. एस.टी.त कंडक्टरनं त्याला म्हणे विचारलं, याचं अर्धं तिकीट फाडू का.

तू तोंड फिरवलंस, पण नको म्हणाली नाहीस. रेडकू पुढ्यात ठेवलं. म्हशीनं ते हुंगलं, चाटू लागली, आणि पान्हा असा आला की चरवी भरून फेस वर आला. मामा मिशीवरून हात फिरवत बसला. तू सगळ्यांना चहा केलास. तुझ्या पेल्यातला मात्र कोरा होता. मामानं डिवचलं, म्हशीचा उपास धरला का? तू म्हणालीस, दूध पुरलं नाही. चुलीपाशी पातेल्यात दूध शिल्लक होतं. मला दिसत होतं.

पुढे जे झालं ते आठवून मला आजही धड हसता येत नाही, धड रडता येत नाही. चाटून चाटून रेडकाच्या कुशीची शिवण उसवली आणि आतला पेंढा बाहेर डोकावला. आपली म्हैस किती दिवसांची अर्धपोटी. तिनं क्षणभर विचार केला असावा, आणि मग ती तो पेंढा ओढून शांतपणे खाऊ लागली. मामा हसत हसत खालीच बसला. तूही हसलीस, तोंडावर पदर घेऊन, आणि पदर खाली आला तेव्हा हसत नव्हतीस. रेडकू उचलून तू मामाच्या हाती दिलंस. "ह्ये परत ने. तिला फसवून न्हाई घ्यायचं आता. मी मागून बघते."

"म्हशीला मागायचं? अन् न्हाई दिलं तर?"

"तर न्हाई."

"लई शहाणी हायस. तू माझी भन हायस का तिची?"

"आधी तुझीच होते," तू म्हणालीस. मामा ते रेडकू काखेत घालून गेला. जाताना दारात म्हणाला, आता अर्ध्या तिकिटाला पैसे दे.

मग तू रोज तिच्यापाशी जाऊन बसायचीस. चरवी पालथी. तिच्या गळ्याखाली खाजवत घरच्या गोष्टी सांगायचीस. बाबांच्या साहेबाची, शेजारणीची, माझ्या गणिताच्या मार्कांचीही, जे मला मुळीच पटत नव्हतं. मी जवळ उभी असे. एका सकाळी तिनं मान वळवली आणि माझी वेणी चाटायला सुरुवात केली. खरखरीत जीभ, गरम श्वास, मी ओरडणार तोच तू डोळ्यांनी दटावलंस आणि हळूच चरवी सुलटी केलीस. धार वाजली. त्या दिवसापासून मी शाळेत रेडकू झाले. पोरी नाक धरायच्या. म्हशीला मी रेडकू वाटत नव्हते हे मला पक्कं माहीत होतं. तिनं मला नीट बघून, ओळखून चाटलं होतं. चौथ्या सडाला तू पुन्हा हात लावला नाहीस. प्यायला कुणी नव्हतं तरी नाही. म्हैस बाजारात गेली नाही.

हे सगळं नातीला सांगायचं होतं. सांगितलं मात्र वेगळंच. ती कपाकडे बघत बसली होती, आणि मला तिनं चार घोट दूध घ्यावं एवढंच हवं होतं. किती वाळलीय पोर. मी म्हणाले, तुझी आजी म्हणायची, म्हैस आपणहून देते, त्यात चोरी कसली. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. रेडकाचं मी सांगितलं नाही, तुझ्या कोऱ्या चहाचंही नाही. पोरगीनं कपावरून नजर उचलली. मग म्हणाली, आजी म्हणायची का? आणि तुझा मान राखून अर्धा कप प्याली. मी जिंकल्यासारखी ओटा पुसत होते, आणि पुसता पुसता एकदम मामा आठवला, मिशीवरून हात फिरवणारा. माय, त्या रेडकाचं जे केलेलं तुला सोसवलं नाही, ते मी तुझंच केलं. तुझ्यात पेंढा भरून तुला लेकीपुढं उभं केलं.

उद्या सकाळी शिवण उसवते. चौथ्या सडापासून सगळं सांगते. मग ती जे ठरवील ते ठरवील. मागून बघेन, नाही म्हणाली तर नाही. दोघींपुरता कोराच चहा ठेवीन. फक्त एक आहे, आणि हे तिला बोलू नकोस: तो कोरा चहा माझ्या घशाखाली अजिबात उतरत नाही.