मेव्हण्याला सुधारण्याची मोहीम

४ फेब्रुवारी
मुलीचा फोन. बाळ आता मान धरायला लागलंय म्हणे. मी म्हटलं, मग घेऊन ये की, आजोबांनी नुसते फोटोच बघायचे का. मग म्हणाली, बाबा, घरात पिणारं माणूस आहे तोवर मी बाळाला त्या घरात आणणार नाही. आवाज एकदम शांत. पाठ केल्यासारखा.
मला पटलं. शंभर टक्के पटलं. पोरगी माझ्यावर गेली आहे, तत्त्वाची पक्की. मी तिला शब्द दिला की महिनाअखेर घर साफ झालेलं असेल. ती रडायला लागली. आनंदाने असावं.
आता मेव्हण्याचा बंदोबस्त.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्वतःपुरती नोंद. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आमच्या मागच्या खोलीत राहतो, लॉन्ड्रीत काउंटरवर बसतो. पूर्वी रीतसर पिऊन वाया गेलेला. नोकरी गेली, बायको गेली, शेवटी दारू सोडवणाऱ्या त्या क्रायसिस सेंटरमध्ये नेऊन टाकावं लागलं. आता म्हणे वर्षाच्या वर झालं, थेंबाला शिवलेला नाही. ही म्हणते, मुलगी म्हणते, लॉन्ड्रीचा मालकही म्हणतो. मी म्हणत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. शिवाय तो फार शांत असतो. इतका शांत माणूस शुद्धीत असूच शकत नाही.
मी संध्याकाळी थोडी घेतो, ते वेगळं. दिवसभर दुकानात उभं राहून फोटोंच्या फ्रेमा करायच्या, पाठीचा भुगा होतो. मी घेतो, तो पितो. फरक आहे.

५ फेब्रुवारी, दुपार, दुकानात
पुरावा सापडला. माउंटबोर्डाच्या पुठ्ठ्यांमागे ठेवलेली माझी बाटली सकाळी अर्धी होती, आता तळाला. मी फक्त दोन लहान पेग घेतले. फार तर तीन. मग बाकीची कुठे गेली? मेव्हण्याकडे दुकानाची किल्ली नाही. पण लॉन्ड्रीवाल्याच्या हाती लोकांचे खिसे असतात. माझ्या पँटच्या खिशातून किल्ली काढून डुप्लिकेट करायला किती वेळ लागतो?
एक गिऱ्हाईक फ्रेम परत घेऊन आलं. कोपऱ्यात फट आहे म्हणे. नख जाईल एवढी. मी समजावलं की लाकूड हवा पितं, फुगतं, आक्रसतं, त्याला आपण काय करणार. तो फोटो काढून घेऊन गेला आणि फ्रेम माझ्याकडेच ठेवली. घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, हो, अंगणच वाकडं. हिला लाकडातलं काही कळत नाही.

७ फेब्रुवारी
चपलांच्या कपाटामागे तीन रिकाम्या बाटल्या. माझ्याच ब्रँडच्या. म्हणजे बघा, आळ माझ्यावर यावा म्हणून ब्रँडसुद्धा माझाच. मेव्हण्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, भावोजी, माझ्या नाहीत. मग कोणाच्या, विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशा बोंबासुद्धा नाहीत. नुसतं बघणं.
रागाने झोप आली नाही. उठून थोडी घेतली.

९ फेब्रुवारी
मोठा दिवस. ही दर गुरुवारी सेंटरला घरच्यांच्या मीटिंगला जाते. मी आजवर कधी विचारलं नव्हतं. आज म्हटलं, मीही येतो, भाऊ तुझा असला तरी मेव्हणा माझा आहे. ती चप्पल घालता घालता थांबली. मग म्हणाली, या.
सेंटर म्हणजे एका जुन्या दवाखान्याचा खालचा मजला. मीटिंगच्या दोन खोल्या शेजारी शेजारी. एका खोलीत पिणारी मंडळी, दुसरीत त्यांचे घरचे. मधल्या पॅसेजमध्ये चहा. मेव्हणा सवयीने पिणाऱ्यांच्या खोलीत गेला. तिथे तो आता नव्या लोकांना धीर देतो म्हणे. कोणाच्या हाती काय द्यावं याला काही ताळतंत्र राहिलेलं नाही. मी हिच्याबरोबर घरच्यांच्या खोलीत बसलो.
मीटिंग चालवणाऱ्या चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी हिला बोलायला सांगितलं. आणि ही बोलली. मला वाटायचं, हिला बोलताच येत नाही. म्हणाली, घरात एक माणूस आहे. सकाळी शपथ घेतो, संध्याकाळी सकाळ विसरतो. बाटल्या लपवतो आणि लपवल्या कुठे तेही विसरतो. कुलूप उघडायला त्याला किती वेळ लागतो, ते मी आतून ऐकत उभी असते. किल्ली लवकर लागली तर त्या रात्री जेवण होतं. नाही लागली तर मी दिवा बंद करून झोपल्याचं सोंग करते. मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आली नाही, ती या माणसामुळे.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली हे सगळं, आणि मला पत्ता नाही. मी उठून उभा राहिलो. सगळ्यांसमोर सांगितलं की मी पूर्णपणे हिच्या पाठीशी आहे आणि तो माणूस कोणीही असो, त्याला वठणीवर आणल्याशिवाय राहणार नाही.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोपऱ्यातल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, पलीकडच्या खोलीतल्या लोकांनाही तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल. मी म्हटलं, बाई, मी घरचा आहे. त्या म्हणाल्या, हो, तेही आहातच.
परत येताना ही चार पावलं पुढे चालत होती. मी मागून. मन भरून आलं होतं.

१० फेब्रुवारी
निर्णय. उपदेशाने माणूस सुधारत नाही, उदाहरणाने सुधारतो. उद्या सकाळपासून मी पूर्ण बंद. एक थेंब नाही. मेव्हण्याने बघावं की इच्छाशक्ती म्हणजे काय.
त्याला सांगितलं तर चेहरा पडला. म्हणाला, भावोजी, एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून सोडा, एकदम सोडल्याने माणूस जातो, मी पाहिलंय. हीसुद्धा तेच म्हणाली. दोघं मिळून. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी जिंकेन आणि त्याचं पितळ उघडं पडेल, ही खरी भीती.
घरात मोह नको म्हणून शिल्लक होती ती संपवून टाकली.

११ फेब्रुवारी
उत्तम. काही फरक नाही. दुकान झाडलं, काचा आकारवार लावल्या, मग परत काढून रंगवार लावल्या. काचांना रंग नसतो, हे नंतर लक्षात आलं. मुलीला फोन करून सांगितलं की मोहीम सुरू झाली. तिने विचारलं, कोणाची. मी म्हटलं, बघशील.

१२ फेब्रुवारी, सकाळ
झोप नाही. शर्ट भिजून पाठीला चिकटलाय. या दिवसांत एवढा उकाडा कधी नव्हता. पंखा लावला तर थंडी वाजते. बंद केला तर घाम.
काच कापायचा हिरा-कटर हातात राहत नाही. सकाळपासून दोन काचा गेल्या. नवीन माल अगदी भिकार आहे.

१२ फेब्रुवारी, दुपार
मेव्हणा लॉन्ड्रीतून अर्धा दिवस सुटी घेऊन दुकानात येऊन बसलाय. साखरपाणी देतो, घाम पुसायला पंचा देतो, डॉक्टरकडे चला म्हणतो. हेरगिरी. मी त्याला म्हटलं, बघ किती सोपं आहे. म्हणताना ग्लास दातांवर वाजत होता. मी बसलो, उठलो, बसलो. शटर ओढलं, परत वर केलं. दुकानाची बेल वाजते म्हणून चार वेळा गेलो. आमच्या दुकानाला बेल नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळ
अक्षर हलतंय. पेन बदललं. हेही पेन खराब.
भिंतीवर मुंग्या. काळ्या. रांगेत नाही, सगळ्या भिंतीवर पसरून. फवारा मारला तरी जात नाहीत. मेव्हण्याला दाखवल्या. तो म्हणतो, मुंग्या नाहीत. एवढ्या मोठ्या मुंग्या दिसत नाहीत म्हणजे याची नजर गेली. पिण्याने नजर जाते, वाचलंय कुठेतरी.
आता हयगय नको. स्वयंपाकघराच्या दारावर हिने सेंटरचा नंबर चिकटवलाय, तो लावला. फोनवर बाई होत्या. सांगितलं, तातडीची केस आहे, मेव्हण्याचं ताळतंत्र सुटलंय. त्यांनी विचारलं, ते आत्ता काय करताहेत. मी बघितलं. तो कपड्यांच्या घड्या करत होता. तसं सांगितलं. अजून काही बोलताहेत का? मी म्हटलं, मुंग्या नाहीत म्हणतो. त्यांनी विचारलं, मुंग्या कुठे आहेत. मी सगळं नीट सांगितलं, शेवटी कोणाला तरी ऐकून घ्यायचं होतं. मग त्या भलतीकडेच वळल्या. शेवटची कधी घेतली, घाम येतो का, हात थरथरतात का, घरात कोण आहे. मी म्हटलं, बाई, मी तक्रार करणारा आहे. त्या म्हणाल्या, बरोबर, फोन ठेवू नका, आणि घड्या करणाऱ्यांना द्या.
दिला. तो त्यांना ओळखत होता. म्हणाला, हो, तिसरा दिवस. मी विचारलं, कशाचा तिसरा दिवस. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१३ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
टीम आली. सायरन नाही, युनिफॉर्म नाही, साधी पांढरी गाडी. एक नर्सबाई आणि एक स्वेटरवाला. शेजारी गॅलरीत उभे होते, त्यांना वाटलं पाहुणे आले. मी दोघांना बसवलं आणि मेव्हण्याकडे बोट दाखवलं. नर्सबाईंनी माझंच मनगट धरलं. मी म्हटलं, माझे हात बघा, एकदम स्थिर, आणि दोन्ही हात पुढे केले. नर्सबाईंनी बघितलं. स्वेटरवाल्याने बघितलं. मीही बघितलं.
स्वेटरवाला म्हणाला, माझ्या पाली होत्या. छतावर. एकही खरी नव्हती, पण मी काठी घेऊन बसलो होतो. मग विचारलं, सेंटरला येता का आमच्याबरोबर. म्हटलं, येणारच. पेशंटबरोबर घरचं कोणीतरी हवंच. मेव्हण्याने बॅग आणली. ही गाडीत माझ्या शेजारी बसली आणि सगळी वाट माझा हात धरून. गाडी फार हलत होती, म्हणून असेल.

१६ फेब्रुवारी
मुंग्या गेल्या. सेंटरला मागच्या बाजूला पाच पलंगही आहेत, माझा खिडकीशी. गोळ्या देतात, नाडी बघतात, रात्री दोनदा उठवून विचारतात कसं वाटतंय. नर्सबाई म्हणाल्या, अजून एक दिवस घरी राहिला असतात तर फिट आली असती, वाचला असतात की नाही सांगता येत नाही. बॅग उघडली तर सगळे कपडे माझे. इस्त्री केलेले. घाईत मेव्हण्याचे भरायचे राहिले असतील.
स्वेटरवाल्याने विचारलं, कोणासाठी आलात. मी म्हटलं, मेव्हण्यासाठी. तो म्हणाला, बरं. इथे कोणी वादच घालत नाही. फार त्रासदायक. माणूस मुद्दे तयार करून बसतो आणि समोरचा चहा देतो. दिवसभर पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या. पलीकडच्या, पिणाऱ्यांच्या खोलीच्या दाराशी दोनदा थांबलो. आत गेलो नाही.

१९ फेब्रुवारी
भेटीच्या वेळेला मेव्हणा आला. एकटाच. ही का नाही आली, विचारलं. तो म्हणाला, घरी गडबड आहे. कसली? सांगावं की नाही असं त्याला झालं होतं. मग म्हणाला, काल भाची आली, बाळाला घेऊन. आठवडाभर राहणार आहे.
मला इतका आनंद झाला की मी पलंगावरून उठलोच. म्हटलं, बघ, मी शब्द दिला होता. बाळ कसं आहे, कोणासारखं दिसतं, रडलं का? तो म्हणाला, नाही रडलं. माझ्याच मांडीवर झोपलं, तासभर.
मी विचारलं, तू घरातच होतास? म्हणाला, हो, मी कुठे जाणार.
मुलीची अट मला शब्दन् शब्द पाठ आहे. पिणारं माणूस घरात आहे तोवर येणार नाही, असं म्हणाली होती. आणि ती आली. मेव्हणा खाली बघत बसला होता. मी म्हटलं, जा आता, बाळ उठलं असेल. मला फार वाईट वाटत होतं आणि ते त्याच्यासमोर वाटायला नको होतं.
तो गेल्यावर बराच वेळ बसलो. संध्याकाळी पलीकडच्या खोलीत गेलो. स्वेटरवाल्याने परत तेच विचारलं, कोणासाठी आलात. या वेळी मी मेव्हण्याचं नाव घेतलं नाही. त्याने एक खुर्ची पुढे केली.