घर नंबर सतराचं दार

खांबपाडा, ता. तलासरी
५ जानेवारी २०२६

ती. संगिताताईस,
सुदामचा सा. न. वि. वि.

फोनला रेंज टेकडीवर आणि माझा गुडघा खाली, म्हणून पत्र बसवाल्या उमेशकडे देतोय.

भूकंपात घर पडलं, आता आईचं नावही पडायच्या बेतात आहे. मतदारयादीवाले नवीन मास्तर येऊन गेले. ताडपत्रीखाली मी दिसलो म्हणून मी राहिलो. आई बोर्डीला तुझ्याकडे, म्हणून ती ‘स्थलांतरित’. शिवाय घर नंबर सतरा त्यांना सापडेना. मी ढिगारा दाखवला, तर म्हणे नंबर कुठाय? नंबर दारावर, दार तू नेलेलं. पंचायत सांगते, यादीत नाव असेल त्यालाच नवं घर; आणि घर तर आईच्या नावावर. मास्तर सोमवारी परत येतील. आईला आणि दाराला पाठव.

लोभ आहेच, थोडे चिकूही असावेत.
सुदाम

बोर्डी
८ जानेवारी

चि. सुदामास अनेक आशीर्वाद.

दार मी नेलं लिहितोस, लाज वाटत नाही? बाबांनी केलेलं दार सोडून गाडीत बसणार नाही म्हणून आईच अडून बसली होती. आता विटांवर ठेवून त्यावरच झोपते. कडी कुशीत टोचते, तरी म्हणते घरात असल्यासारखं वाटतं.

इथे तिचं नाव लावायला गेले, तर घरमालक कागद देईना. म्हातारी कायमची राहील म्हणे. म्हणजे तिकडून ती गेलेली आणि इकडे आलेलीच नाही. उद्या चिकूच्या टेम्पोतून दोघांना पाठवते. चिकू तुझ्या बायकोसाठी, रखमीसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

जपून राहा, भांडत राहा.
ताई

खांबपाडा
१३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

जुन्या जोत्यावर दार उभं केलं, बांबूंचे टेकू दिले. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. आईने आत जाऊन कडी लावली.

मास्तर आले. बाजूने अख्खी आई चुलीपुढे दिसत होती. तरी त्यांनी चपला काढल्या, दार वाजवलं, घरात कोण आहे विचारलं. आई म्हणाली, थांबा, पदर घेते. मास्तर वाकून आत आले, उन्हात बसून चहा प्यायले, नाव कायम केलं आणि जाताना दार ओढून घेतलं. मी हसलो तर आईनेच झापलं, शिकलेल्या माणसाला घर कळतं म्हणे.

आता ती तुझ्याकडे परत यायला तयार नाही.

राग रखमीवर काढू नये.
सुदाम

बोर्डी
१९ जानेवारी

चि. सुदामास आशीर्वाद.

काल धक्क्याने इथे भांडी वाजली, म्हणजे तिथे काय झालं असेल? तिला उचलून आण. मत द्यायला मी पुन्हा सोडेन.

जीव टांगणीला आहे, लवकर कळव.
ताई

खांबपाडा
२२ जानेवारी

ती. ताईस सा. न.

धक्का मोठा होता. दार हललं, आईने कडी धरून ठेवली. पडायला घरात दुसरं काही नव्हतंच. तिला उचलायला गेलो, तर मलाही दार वाजवून ये म्हणाली.

पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिलेले तिघेही येऊन गेले. तिघांनी दार वाजवलं, बाजूने एकही आला नाही. आईने कडी काढली नाही. आतूनच सांगितलं की नाव यादीत आहे आणि मी घरात आहे. मत हवं असेल त्याने येताना भिंत घेऊन यावं.

तू मात्र बाजूनेच ये. तुला मोकळं आहे.

तुझा,
सुदाम