जागेवाल्याला सांगितलेला आकडा

नाना, मी चुलीच्या राखेत हात घातला आणि राख गरम लागली, त्या घडीला माझं सगळं बदललं. माघातली दुपार होती. आपल्या त्या जागेवर, पुढे आलेल्या कातळाच्या आडोशाला, तीन दगडांच्या चुलीशी मी उकिडवा बसलेलो आणि बोटांना ऊब लागत होती. ती जागा तिघांनाच माहीत. एक तुम्ही, तर तुम्ही आठ वर्षांपूर्वी गेलात. दुसरा मी. आणि तिसरी ती, जिला मीच नेऊन दाखवली. चुलीच्या कडेला दोन करवंट्या धुऊन पालथ्या घातलेल्या. दोन. एका माणसाला चहा प्यायला एक करवंटी पुरते, नाना. राख इतकी ताजी होती की तसाच खाली धावलो असतो तर चूल पेटवणारं माणूस वाटेत सापडलं असतं. पण मी धावलो नाही. बसून राहिलो आणि मनात एकेक जण उभा करत गेलो, तिच्या वर्गातला तो चष्मेवाला, तिचा आतेभाऊ, बसमध्ये तिच्यासाठी जागा धरणारा तो दाभोळचा पोरगा. एकेकाला त्या करवंटीतून चहा पाजला.

संशय घ्यायला मला बाप म्हणून तुम्हीच शिकवलंत, हे तुम्हाला मान्य होणार नाही. तुम्ही सरकारी मोजणीदार. दोन भावांच्या बांधाचं भांडण असलं की साखळी नि झेंडे घेऊन तुम्ही जायचात. आणि तुमचा एक नियम होता, ज्याची जमीन मोजायची त्याच्या ओटीवर निजायचं नाही, त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. थोरल्याकडे निजलात तर धाकटा म्हणणार, साखळी रात्रीत आखूड झाली. धाकट्याकडे जेवलात तर थोरल्याची बायको गावभर सांगणार. म्हणून तुम्ही डोंगरात निजायचात. लोक हसायचे. "मोजणीदारसाहेब, आमच्या घरात काय वाघ हाय?" असं एकाने माझ्यासमोर विचारलेलं. तुम्ही म्हणालात, "वाघ परवडला हो, तो दुसऱ्या दिवशी हद्द सरकवायला सांगत नाही."

त्या नाताळच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर नेलंत. मी अकरा वर्षांचा. मंडणगडच्या मागचा तो सगळा डोंगर, आणि तुम्ही पुढे चालताय, मागे न बघता बोलताय. जागा शोधायची तर आधी गुरं बघ. दुपारी गुरं जिथे रवंथ करत बसतात ती जागा सपाट असते, वारा असतो नि खाली ओल नसते. गुरांना कुणी भूगोल शिकवलेला नाही, पण चुकत नाहीत. कोरडा असला तरी पऱ्याच्या पात्रात निजू नकोस. पाण्याला लागून निजू नकोस, रात्री ते पाणी आपलं नसतं, जनावरांचं असतं. वर बघ, वाळकी फांदी आहे का. देवराईत तर पायच ठेवू नकोस. आणि उठून जाताना पुढच्यासाठी मूठभर सुकी लाकडं कातळाखाली सरकवून ठेव, तो कोण आहे ते विचारू नकोस. मी विचारलं, "या जागेचं भाडं कोण घेतं?" तुम्ही थांबलात नि म्हणालात, "फुकट आहे. म्हणूनच नीट वागायचं."

मग जागेवाल्याला सांगायचं. त्या जागेचा जो कुणी राखणदार आहे त्याला, डोंगराकडे तोंड करून, मोठ्याने. आपण कोण, कुठले, किती जणं, कधी जाणार. तुम्ही चपला काढल्यात, टोपी काढलीत आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "बा जागेवाल्या, आम्ही मंडणगडची माणसं. तिघं आहोत. एक रात्र राहू, सकाळी उठून जाऊ. सांभाळून घे."

मी इकडेतिकडे बघितलं. "नाना, आपण तर दोघंच आहोत."

"मोजणी मी करतो का तू?"

एवढंच. पण असं म्हणालात की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. आयुष्यात एका फुटासाठी तुम्ही भावाभावांना कोर्टापर्यंत जाऊ दिलंत, पण आकडा खोटा लिहिला नाहीत, आणि देवासारख्या जागेवाल्याला मात्र उघड उघड एक माणूस वाढवून सांगितलंत. दुसऱ्या जागेवरही तिघं. तिसऱ्याही. घरी परतताना तुम्ही मला मोडक्या साखळीची एक कडी दिलीत, ती अजून माझ्या खिशात असते. पण तो तिसरा माझ्या डोक्यातून गेला नाही. अठ्ठ्याण्णवच्या पावसात ताप डोक्यात चढला नि तुम्ही गेलात, तेव्हा दारात जमलेल्या गर्दीत मी, तुमचा मुलगा, रडायचं सोडून अनोळखी बायका शोधत होतो. म्हटलं, तिसरं माणूस असेल तर आज येईल. कुणी आलं नाही. तरी माझा संशय गेला नाही.

तुमच्या मोजणीच्या वह्या माझ्याकडे राहिल्या. समासात कुठे कुठे तीन ठिपके आहेत, चुलीच्या तीन दगडांसारखे. ते ठिपके म्हणजे तुमच्या निजायच्या जागा, हे कळायला मला कॉलेजचं पहिलं वर्ष लागलं. दुसऱ्या वर्षी मी त्या शोधायला लागलो आणि दापोलीच्या कॉलेजात माझी हजेरी संपली. सरांनी वर्गात उभं करून विचारलं, "फुकट झोपायच्या जागा शोधणं, ह्यात पुढे काय होणार तू?" वर्ग हसला. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं नि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. तुम्ही असतात तर मला दोन ठेवून दिल्या असत्यात, ठाऊक आहे. आता मी स्टँडाजवळच्या एसटीडी बूथवर बसतो नि सुट्टी मिळाली की डोंगरात जातो. अकरा जागा सापडल्यात. तुमच्या वेळी लोक हसायचे, आता दगड उचलतात. "सपाट जागा नि पानी इचारतो म्हंजे दलाल हाय ह्यो, मुंबयवाल्यांना जमिनी इकनारा." एका म्हातारीने तर माझी वही ओढून घेतली. मी म्हटलं, आजी, मोजणीदाराचा मुलगा मी. ती म्हणाली, "मंग तर अजूनच वंगाळ."

ती मला कॉलेजच्या गाडीत भेटलेली. मंडणगडच्या खालच्या अंगाच्या गावातली, आपली पहिली जागा तिच्याच गावाच्या डोक्यावर. पहिलं वाक्य तिचंच, "रोज खिडकीतून डोंगर मोजतोस का रे? वाढलेत का कालच्यापेक्षा?" नाना, मी त्या दिवशी उतरायचा स्टॉप चुकलो. पुढे तिला ती जागा दाखवली. दिवसाउजेडी गेलो, चहा केला, सांजेच्या आत उतरलो. जागेवाल्याला सांगायची रीत सांगितली, आणि तुमचा तो तिसराही सांगितला. मी म्हटलं, माझ्या बापाचं कुठेतरी काहीतरी होतं बघ. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "तू आईला विचारलंस का कधी?"

आता त्या शनिवारचं. मी तिला म्हटलेलं, शनिवारी सकाळी मी वर असेन, ये. आणि शुक्रवारी वहीत एक ठिपका दिसला, वेळणेश्वरच्या वाटेवरचा, इतके दिवस नजरेतून सुटलेला. मी तिकडे गेलो. जागा काही सापडली नाही, परतायला शनिवारची दुपार झाली, आणि मग ती गरम राख. खाली उतरताना धनगर म्हातारा म्हशी घेऊन बसलेला. मी विचारलं, सकाळी कुणी आलेलं का वर?

"आलीवती की एक पोर. जागेवाल्याला सांगत व्हती, हितवर ऐकू आलं. आमी दोगं हाव म्हनली."

"दुसरा कोण होता?"

"मला काय ठावं? मी म्हशी राखतो, मानसं न्हाय."

दोघं. जागेवाल्याला खोटं सांगत नाहीत, अशी माझी समजूत. ती समजूत तुम्हीच एकदा मोडली होतीत, पण रागात ते कुणाला आठवतं? त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. माझं डोकं इतकं फिरलेलं की मी तुमचं कुलंगडंही बाहेर काढलं. म्हटलं, आई, नाना डोंगरात दोघं असताना तिघं म्हणून का सांगायचे?

आईचा हात पिठात थांबला. "तिघं?"

"हो. प्रत्येक जागेवर."

"मला काय ठाऊक? मला कधी नेलं होतं का?" तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. मग हळूच म्हणाली, "हेदवीला तीन महिने मोजणी होती तेव्हा फार खुशीत असायचे."

दुसऱ्या दिवशी तुमच्या फोटोला फूल नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ वर्षं जी बाई तुम्हाला फूल घातल्याशिवाय चहा घेत नव्हती, ती तुमच्याकडे पाठ करून चहा प्यायला लागली.

सोमवारी मी स्टँडावर तिला गाठलं. दापोलीची गाडी लागलेली, माणसं चढत होती. मी विचार केला नाही, आवाजही खाली ठेवला नाही. "शनिवारी वर कोण होतं तुझ्याबरोबर?"

"हळू बोल."

"दोघं म्हणून सांगितलंस जागेवाल्याला. करवंट्या दोन होत्या. नाव सांग त्याचं."

तिने आधी आजूबाजूला बघितलं. शेंगदाणेवाला, दोन मास्तर, कंडक्टर, सगळे ऐकत होते. मग तिने माझ्याकडे बघितलं. तसं कधी बघितलं नव्हतं. "दोघंच होतो," ती म्हणाली. "एक मी, आणि एक जो आला नाही तो. दुपारपर्यंत चहा धरून बसले तुझ्यासाठी. निवला, मग ओतला, करवंटी धुतली. झालं?"

माझा हात खिशातल्या कडीवर गेला.

"महाडचं स्थळ आलंय, ते सांगायला वर आले होते. महिन्यात उत्तर द्यायचंय घरी. आणि तुझे नाना तुझ्या आईला मोजत असतील, एवढं तुला इतक्या वर्षांत कळलं नाही? मला ऐकताक्षणी कळलं. म्हणून मी तुला मोजलं." ती पायरीवर चढली. "पुढच्या वेळी एकटीच आहे म्हणून सांगेन."

कंडक्टरने घंटी मारली. मी तिथेच, हातात तुमची कडी घट्ट धरून.

नाना, ती म्हणते ते खरं का? तुम्ही आईला मोजत होतात? का जंगलात कुणी चोर ऐकत असेल तर त्याला वाटावं माणसं जास्त आहेत, म्हणून एक वाढवायचात? का हेदवी? मी तुम्हाला तिन्ही तऱ्हांनी मोजून बघितलं, प्रत्येक वेळी हद्द निराळी येते. पण एक गोष्ट आठवते. आपण तिथे जेवायला बसलो की तुम्ही भाकरीचा एक चतकोर फडक्यात गुंडाळून ठेवायचात आणि घरी आल्यावर आईला द्यायचात, "डोंगरातली आहे, खाऊन बघ" म्हणून. आई म्हणायची, माझ्याच हातची शिळी भाकर मलाच काय देता. आणि खायची.

स्टँडावर जिच्यावर ओरडलो तिला मी चिठ्ठी लिहिली. शनिवारी वर आहे, या वेळी आधी येतो, एवढंच. तिच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली, मला दुसरा माणूस नाही. त्याने ती उघडून वाचली असणार. काल मला बघून हसला. दिली का विचारलं तर म्हणाला, "दिली ना भावा," पण हसतच. उत्तर आलेलं नाही. महिना संपायला पाच दिवस आहेत. आज शनिवार.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, असती तरी पाठवलं नसतं. वहीतच, तीन ठिपक्यांच्या पानात ठेवतोय. एक कबूल करायचं राहिलं. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ती पोरगी स्टँडावर काय म्हणाली ते महिनाभर माझ्याच पोटात ठेवलंय, कारण ते सांगायचं तर मी तिच्यावर काय ओरडलो तेही सांगावं लागेल. तुमचं फूल माझ्यामुळे अडलंय. आत्ता कोरांटीचं एक मीच घातलंय. आईने ते बघितलं आणि ती चूल पेटवायला गेली.

उजाडलंय. पिशवी भरून झाली, चहाची पूड, गूळ, काडेपेटी, दोन करवंट्या. आई चुलीपुढून विचारते, "भाकऱ्या किती जणांच्या बांधू रे?"

"दोघांच्या."

"दुसरं कोण?"

"नाना मोजायचे तसंच, आई, बरोबर नसलेलं माणूसही धरून. आल्यावर सगळं सांगतो," मी म्हणतो. ती फडक्याची गाठ मारता मारता थांबते, फोटोकडे बघते, आणि डब्यातून आणखी एक भाकरी काढून त्या फडक्यात ठेवते. मी पिशवी खांद्याला लावतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.