माफी, सूट की वगळणे : हिवतापाच्या गोळ्यांसाठी चौथा अर्ज

प्रति,
मा. सहायक औषध नियंत्रक (परवाने),
औषध परवाना कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : हिवतापाच्या गोळ्यांना निरोगी माणसांवरील रक्तचाचणीविना परवाना मिळण्याबाबत, तसेच या 'विना'ला आपल्याकडे काय म्हणतात ते कळविण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, सध्या मुक्काम तीन निरनिराळ्या इमारती.

महोदय,

१. मी गोळ्यांच्या एका लहान कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. आमची हिवतापाची गोळी मूळ कंपनीच्या गोळीसारखीच, त्याच औषधाची आहे. दोन्ही गोळ्या पोटातल्यासारख्या आंबट आणि आतड्यातल्यासारख्या कमी आंबट द्रवात शेजारी शेजारी सोडल्या, तर पाव तासाच्या आत सारख्याच विरघळतात. असे औषध आतड्यात पूर्ण शोषले जात असेल, तर निरोगी माणसांना गोळी देऊन त्यांचे रक्त काढत बसण्याची गरज नाही, असे आपलेच परिपत्रक म्हणते. मात्र या सवलतीला नाव द्यायचे परिपत्रकात राहून गेले आहे. तिथे नुसते 'वरीलप्रमाणे' असे छापले आहे.

२. सबब पहिल्या अर्जात मी 'चाचणी माफ करावी' असे लिहिले. आवक कारकुनांनी 'माफ' एवढेच वाचून अर्ज कैद्यांच्या शिक्षामाफी शाखेकडे धाडला. तिथून, आजवर किती शिक्षा भोगून झाली, अशी विचारणा आली. दुसऱ्या अर्जात 'सूट' लिहिले. तो करसवलतीच्या टेबलावर जाऊन पडला. तिसऱ्यात पुष्कळ विचार करून 'चाचणी वगळावी' असे लिहिले. तो मतदार यादी शाखेने तत्परतेने निकाली काढला व यादीतून माझे नाव वगळले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. निदान एका शाखेने तरी काम केले.

३. कारकून मनाने वाईट नाहीत. "साहेब, शब्द चुकला की कागद चुकला, मी तरी काय करू?" असे म्हणून ते मला बसायला खुर्ची देतात. योग्य शब्द त्यांनाही ठाऊक नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

४. घाईचे कारण असे, की माझी थोरली बहीण नदीपलीकडच्या आरोग्यकेंद्रात परिचारिका आहे. मूळ कंपनीने पुरवठा थांबवल्यापासून ताईच्या कपाटात हिवतापाची एकही गोळी उरलेली नाही, आणि आमच्या गोदामात खोकी छताला टेकली आहेत. आता ताईलाच हिवताप झाला आहे. मी पाकीट घेऊन गेलो. ती कुडकुडत म्हणाली, "बाळ्या, पेशंटला जी देता येत नाही ती मी कशी गिळू? आधी शिक्का येऊ दे." ते पाकीट तिने माझ्यादेखत कपाटात कुलूपबंद केले. ताई अशीच आहे. शाळेतही तिने स्वतःच्या भावाचे नाव फळ्यावर लिहिले होते. मला तिचा संताप येतो, महोदय, आणि तिच्या काळजीने अन्न जात नाही.

५. मी विनवले, रागावलो, शेवटी तिच्या पाया पडलो. ती हलली नाही. परवा गेलो, तेव्हा ती मला आई समजून बोलत होती.

६. तरी योग्य शब्द आपण कळवावा, मी त्याच शब्दात पाचवा अर्ज करीन. पण खरे सांगायचे तर परवान्याची आशा मी सोडली आहे. आपण नकारच द्यावा. नकाराला विशेष शब्द लागत नाही. तापामुळे ताईला आता अक्षरे लागत नाहीत. औषधांच्या प्रत्येक खोक्यावर असणारा आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का मात्र ती अजून ओळखते. इतर शाखांची पत्रे मी दाखवून पाहिली. त्यांचे शिक्के चौकोनी निघाले. तिने ती हातानेच बाजूला सारली. म्हणून नकाराचा मजकूर कितीही कडक असला तरी माझी हरकत नाही, शिक्का तेवढा ठसठशीत उमटावा. पत्र तिला मीच वाचून दाखवीन.

आपला नम्र, आणि ताईचा धाकटा भाऊ,
(सही)
रसायनतज्ज्ञ, गोळ्यांचा कारखाना

दिनांक : पत्र ज्या दिवशी उघडाल तो धरावा.

सोबत :
१. दोन्ही गोळ्या विरघळण्याच्या चाचणीचा अहवाल.
२. शिक्क्यासाठी शाईचे नवे पॅड.