तानसेकाठचं गरम पाणी

अण्णा, परवा मी अकलोलीला जाऊन आले. एकटीच गेले. ऑफिसात रजा टाकली, कामोठ्याहून सकाळीच ठाणं गाठलं आणि तिथून वज्रेश्वरीची एसटी धरली. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "काय अडलंय तुझं तिथं?" म्हणून आधीच सांगते. माझ्या कोपरांवर आता तेच आलंय. सुरुवातीला वाटलं, कातडी कोरडी पडली असेल, म्हणून खोबरेल चोळत राहिले. मग पांढरे पापुद्रे सुटायला लागले आणि खाली लाल दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोरायसिस आहे. घरात कुणाला होतं का?" "वडिलांना," मी म्हणाले, आणि तेव्हा लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मी तुमच्याविषयी कुणाशी बोललेच नव्हते. आई गेल्यापासून तुमची आठवण काढायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

आपण कोपरखैरण्याच्या खोलीत राहायचो आणि तुम्ही रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात होतात. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. शेजारपाजारचे म्हणायचे, कारखान्यातल्या रंगाने झालं असेल. काही जण त्याहून वाईट बोलायचे. दिवाळीला शेजारी पोचवायला आई फराळाची ताटं माझ्याकडे द्यायची, तुमच्याकडे कधीच नाही. त्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत असणार, कारण ताटं भरायला लागली की तुम्ही चप्पल घालून खाली जायचात.

कुणीतरी सांगितलं, अकलोलीच्या पाण्यात गंधक असतं, त्याने उतार पडतो. मग दर हिवाळ्यात आपण दोघं जायला लागलो. आई देवीची ओटी बांधून द्यायची, पण स्वतः यायची नाही, तिला एसटी लागायची. तिथे नदीकाठी तुम्ही शर्ट काढायचात. घरात मी तुमची पाठ कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, पण मला ती नकाशासारखी दिसली. मी तसं म्हणालेही, आणि तुम्ही हसलात. एका वर्षी तुम्ही कुंडात उतरून नुकते कुठे बसला होतात, तर समोरचा एक गृहस्थ म्हणाला, "अहो, हे असलं अंग घेऊन सगळ्यांच्यात बसता? पोरंबाळं आहेत इथं." मी काठावरून ओरडले, "चिकटत नाही ते!" तुम्ही मला म्हणालात, "गप बस. मोठ्यांना उलट बोलायचं नाही." आणि उठून बाहेर आलात. मला रडू आलं ते त्या माणसामुळे नाही, तुम्ही मला रागावलात म्हणून.

तुम्ही ओल्या अंगाने नदीच्या पात्रात चालत राहता आणि मी मागून. एका ठिकाणी वाळूतून बुडबुडे येतायत. तिथे तुम्ही पाय घालून पाहता, पटकन मागे घेता, मग म्हणता, "दगड आण." आपण दोघं दगड रचतो. एका बाजूने नदीचं गार पाणी आत सोडायला जागा ठेवतो, म्हणजे भाजणार नाही. डबकंच ते, पण तुम्ही त्यात आडवे होता, डोळे मिटता आणि म्हणता, "आता बोल काय बोलायचंय ते." मला काहीच बोलायचं नसतं. पुढची सगळी वर्षं आपण त्या कुंडाकडे फिरकलोच नाही, दर वेळी स्वतःचं डबकं रचलं.

मला स्थळं यायला लागली तेव्हाची एक गोष्ट तुमच्याशी कधी बोलता आली नाही. पहिले पाहुणे आले, तुम्ही त्यांच्यापुढे पोह्यांची बशी धरलीत आणि मुलाच्या आईने तुमच्या बोटांकडे पाहिलं. पोहे तसेच राहिले. पुढच्या वेळेपासून पाहुणे यायचे म्हटलं की तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसायचात, लसूण सोलत. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. लग्न जमलं नाही याचं मला आता फारसं काही वाटत नाही. तुम्ही आत बसायचात त्याचं वाटतं.

परवा नदीला पाणी बेताचं होतं. आपली जागा मला सापडली नाही, पात्रच बदललंय. काठावर बायकांसाठी भिंतीआड वेगळं कुंड आहे, तिथे गेले. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता होता, तसाच घालून पायरीवर बसले आणि नुसते पाय सोडले. पाण्यात एक म्हातारी होती, गळ्याइतकी बुडालेली. उरणची, सुनांबरोबर आली होती. सुना देवळात गेल्या होत्या. तिने विचारलं, "तू कोनाबरोबर आयलीस गो?" एकटी आले म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून मी म्हणाले, "वडिलांबरोबर. ते नदीकडे गेलेत." तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "मंग तू कोरडी का बसलीस? ये ना पान्यात." मी उतरले. बाह्या ओल्या होऊन चिकटल्या, त्या वर सारल्या. तिने माझी कोपरं पाहिली. नजर वळवली नाही.

"ह्ये चिकटतं का?"

"नाही."

"बरं. माजी पाठ चोल मंग जरा. हात पोचत नाय."

आणि तिने माझ्याकडे पाठ केली. अण्णा, मी त्या अनोळखी बाईची पाठ बराच वेळ चोळत राहिले. तिची कातडी मऊ पडलेली होती. मध्येच ती म्हणाली, "इथं जोरात," मग "हां." मला रडू येत होतं, पण तोंड घामाने आणि वाफेने ओलंच होतं, त्यामुळे काही कळण्यासारखं नव्हतं. किती दिवसांनी कुणी मला हात लावू दिला होता.

निघताना तिने पिशवीतून तांदळाच्या दोन भाकऱ्या काढल्या, मध्ये सुकट घातलेल्या. "एक तुला, एक तुज्या बापाला." मी घेतल्या. खरं सांगावं असं मनात आलं होतं, पण मला ते सांगायचं नव्हतं. मी नदीकडे चालत गेले, एका दगडावर बसले. वाट पाहायला कुणी नव्हतं तरी थोडी थांबले.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. फक्त एवढंच कबूल करायचंय, की मला फार भूक लागली होती. तुमची भाकरीही मीच खाल्ली.