पहिला बॉल उजव्या हातानं

आबा, काल तुमच्या पणतीला एका जपानी माणसानं पारखलं. तुम्ही बाजारात खोंडं पारखायचात ना, अगदी तसंच. फक्त दात तेवढे बघितले नाहीत. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण तुमच्या कामाचं असं काही घडलंच नव्हतं. लग्नं, बारशी, वाटण्या यांत तुम्ही होतात तेव्हाही तुमचं लक्ष नसायचं. कोवळं जनावर कसं तयार करायचं, एवढंच तुम्ही कान देऊन ऐकायचात. म्हणून हे सांगते. अक्षर चौथीपर्यंतचंच आहे, सांभाळून घ्या.

मी सध्या सिंगापुरात असते. तुमचा नातू, माझा मुलगा, जहाजावर इंजिनीयर, वर्षातले सहा-सात महिने पाण्यावर. सूनबाई ऑफिसात. मग पोरीला शाळेतून आणायला, जेवू घालायला आणि लिफ्टमध्ये शेजारणीकडे बघून हसायला मी. सेंगकांगला अकराव्या मजल्यावर राहतो. अंगण सोडलं तर घरात सगळं आहे. पोरगी अकरा वर्षांची आणि तिला बेसबॉलचं वेड. हा खेळ म्हणजे एकानं बॉल फेकायचा, दुसऱ्यानं दांडकं फिरवून तो बहुतेक वेळा हुकवायचा, आणि बाकीच्यांनी लांब उभं राहून काहीतरी चघळत वाट बघायची. आपल्या ग्रामपंचायतीचं काम असंच चालायचं. बॉल फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, पोरीला तेच व्हायचंय. पण पुढच्या वर्षी तिची सहावीची मोठी परीक्षा आहे, आणि इथं त्या परीक्षेला लोक देवापेक्षा जास्त भितात. सूनबाईनं सांगून टाकलं होतं, या वेळच्या टीमच्या निवडीत नाव आलं तर खेळ, नाही तर बेसबॉल बंद आणि शनिवारी गणिताची ट्यूशन. दोनदा नाव आलं नव्हतं, ही तिसरी खेप. पोरगी इथल्या बोलीत "ओके लाह" म्हणाली, पण त्या दिवशी तिनं वरणभात अर्धा टाकला. वरणभात टाकणारी पोर नाही ती.

कोच म्हणजे तोच जपानी, पन्नाशीचा, काटक, नाकावर माशी बसली तरी हलणार नाही असा. तरुणपणी अमेरिकेत खालच्या लीगमध्ये खेळून आलेला. तिकडे म्हणे एक वरची लीग असते आणि तिच्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी खालच्या. खालच्यांत पोरं वर्षानुवर्षं तयार करतात, बसमधून गावोगाव हिंडवतात, आणि कितीतरी पोरांतलं एखादं वर जातं. बाकीची घरी जातात. हा घरी आलेल्यांपैकी. मी दर शनिवारी घडीचं स्टूल घेऊन मैदानाच्या कडेला बसते, त्यामुळे मला त्याच्या सगळ्या तऱ्हा पाठ. त्याच्याकडे बंदुकीसारखं एक यंत्र आहे, बॉलचा वेग सांगतं. आकडा आला की सगळे आईबाप माना लांब करतात. हा मात्र आकड्याकडे बघतच नाही, पोराच्या पायांकडे बघतो. मी सूनबाईला विचारलं, हा बघतो तरी काय? ती म्हणाली, "आई, पोरं आज किती जोरात टाकतात ते नाही, सोळाव्या वर्षी किती जोरात टाकतील ते बघतात."

मी स्टूल चार हात पुढं सरकवलं.

कारण आबा, मी आठ वर्षांची आहे आणि तुमच्या धोतराचा सोगा धरून बाजारात उभी आहे. सगळी गिऱ्हाइकं शिंगं रंगवलेल्या, पळवून दाखवलेल्या खोंडाभोवती जमलीत. तुम्ही कोपऱ्यात धुळीत बसलेलं एक मळकं खोंड उठवताय. मला म्हणताय, "पळताना सगळीच चांगली दिसतात. दमून बसलेलं उठतं कसं ते बघ." कुणीतरी म्हणतं, याच्या पाठीवर खोडीचा भोवरा आहे, दावणीला नका बांधू. तुम्ही म्हणता, भोवरा काय नांगर ओढतो? ते खोंड आपल्याकडे म्हातारं होईपर्यंत राबलं. जुवाला डाव्या अंगानं चालायचं. गड्यानं चुकून उजवीकडे जुंपलं तर तुम्ही चाबूक उगारायचात, तोही गड्यावर. म्हणायचात, ज्याची जी बाजू ती त्याला द्यावी, नाही तर बैलही जातो आणि शेतही जातं.

आणि तेच तुम्ही घरी येऊन, आजीच्या लुगड्याच्या काठाची चिंधी घेऊन, जेवताना माझा डावा हात कमरेला बांधायचात. बैलाचा भोवरा मानला नाहीत, बैलाची डावी बाजू जपलीत, पोरीचा डावा हात तेवढा अपशकुनी. हे मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर तेव्हाच भांडले असते, एक हात मोकळा होताच.

तर पोरगी डावरी निघाली. कुणावर गेलीय ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. उलट इथं आल्यापासून मीच तिच्यामागे लागले, घास उजव्या हातानं घे, प्रसाद उजव्या हातानं घे. ती "आजी, कॅनॉट लाह" म्हणते, मी ताट मागं ओढते. मैदानावर मात्र डाव्या हाताला भाव. डावखुरा पिचर म्हणजे कोचला दुभती म्हैस, समोरच्याला त्याचा बॉल लवकर उमगत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी काल सकाळी निघताना पोरीच्या हातावर दहीसाखर ठेवली आणि म्हणलं, शुभ कामाला चाललीस, पहिला बॉल उजव्या हातानं टाक, मग तुझं तू बघ. कशी बोलले मी? जशी तुम्ही बोलायचात, तशीच. दुसरं येतं कुणाला.

पोरगी शहाणी आहे, पण नको तिथं ऐकते. प्रत्येकाला पाच बॉल होते. तिचा नंबर आल्यावर तिनं हातातला चामड्याचा मोजा काढून काखेत धरला आणि पहिला बॉल उजव्या हातानं टाकला. तो बॉल वर गेला, जरा विचार केला, आणि कोचच्या चहाच्या थर्मासवर उतरला. पोरं हसली. मग हिनं मोजा घालून उरलेले चार डाव्या हातानं टाकले, पण तोवर पायांची जागाच चुकली होती. एक जमिनीत, एक जाळीत, दोन कुठं गेले ते त्या मैदानालाच ठाऊक. कोचनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "उजव्या हातानं का टाकला हिनं, आई?" मी म्हणलं, मला काय विचारतेस. असं खोटं बोलले मी, या वयात, भर उन्हात.

पोरगी कडेला येऊन बसली. रडली नाही. मोज्याची नाडी सोडायची आणि बांधायची, सोडायची आणि बांधायची. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझं नावही तिनं आईला सांगितलं नाही. ते मला बघवेना.

मैदानावर एक पांढरी रेघ असते, ती आईबापांनी ओलांडायची नाही असा नियम आहे. आजीचं काही लिहिलेलं नाही. मी ओलांडली. कोचसमोर जाऊन उभी राहिले आणि मला येत होतं तेवढं इंग्रजी एका दमात संपवलं, "मिस्टेक माय. बेबी नो मिस्टेक." मग उरलेलं मराठीत सांगितलं, आणि पोरीला हाक मारून म्हणलं, हे त्याला इंग्रजीत सांग, एक अक्षर गाळू नकोस. तिनं सगळं सांगितलं, दही, साखर, शुभ, उजवा हात. तुमची चिंधीसुद्धा सांगितली, तेवढी माझ्या तोंडून निसटली होती. सूनबाई रेघेपलीकडे कपाळाला हात लावून उभी.

कोच बराच वेळ थर्मासला पडलेला पोचा बघत होता. मग म्हणाला, पोरीनं मला ते मराठीत सांगितलं, खालच्या लीगमध्ये असताना त्याला एक गुरू भेटला होता, चांगला माणूस, त्यानं याची बॉल टाकायची पद्धत बदलली. त्यानंतर स्वतःचा हात त्याला परत कधी सापडला नाही. मला त्याला काहीतरी खायला द्यावंसं वाटलं, पण पिशवीत भडंगच होतं.

सगळी पोरं गेल्यावर त्यानं तिला परत बोलावलं. यंत्र पेटीत ठेवून दिलं. तिला लांबच्या कुंपणापर्यंत दोनदा पळवलं, धापा टाकत आली तशीच उभी केली आणि म्हणाला, आता टाक. आबा, दमलेलं खोंड उठवत होता तो. पहिला बॉल आखूड पडला. तिनं खांदा झटकला, पाय नीट रोवले, नाडीशी खेळली नाही, कुणाकडे बघितलं नाही. पुढचे चार बॉल एकामागोमाग एक त्याच्या हातातल्या मोज्यात गेले. जोर फार नव्हता. पण जागा एकच.

सूनबाईनं विचारलं, आत की बाहेर? कोच म्हणाला, "आत. पण सगळ्यात खाली." सहा महिने सरावाच्या पोरांत, मग परत बघणार. मग माझ्याकडे बोट करून पोरीला काहीतरी म्हणाला. ती हसत म्हणाली, "आजी, तो म्हणतो या आजीला रेघेच्या बाहेर ठेवा." मी म्हणलं, त्याला सांग, भडंग घेऊन जा.

घरी येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, तुझे आबा लई स्ट्रिक्ट होते ना? मी हो म्हणलं. अर्धंच सांगितलं. बाकीचं अर्धं तुम्हाला सांगते, कारण ते तुम्हालाही मी कधी सांगितलं नाही. जोंधळा हुरड्यात आला की पाखरं हाकायला मला शेतातल्या माळ्यावर बसवायचात. तिथं चिंधी नव्हती. मी डाव्या हातानं गोफण फिरवायची आणि शिवाराच्या त्या टोकाची बाभूळ वाजवायची. तुम्ही भाकरी घेऊन यायचात, ते बांधावरूनच खोकत यायचात. मी झटकन गोफण उजव्या हातात घ्यायची आणि एक दगड असा टाकायची की पाखरं जागची हलत नसत. तुम्ही वर बघून म्हणायचात, बरं चाललंय. आबा, तुम्हाला खोकला कधीच नव्हता. विडी नाही, तंबाखू नाही, थंडीत सगळं घर खोकायचं तेव्हा तुम्ही एकटे गप्प. हे मला तेव्हाही कळत होतं. कळतंय असं दाखवलं असतं तर तुम्हाला माळ्यावरही चिंधी आणावी लागली असती.

ही चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली ठेवते, तिथं घरात दुसरं कुणी हात लावत नाही. आज दुपारी पोरगी एकटी जेवायला बसली होती. मी गरम पोळी घेऊन निघाले आणि स्वयंपाकघराच्या दारातच मोठ्यानं खोकले. मलाही खोकला नाही.